संपतमामाच्या वखारीतले उंदीर

संपतमामाच्या वखारीतल्या उंदरांची गोष्ट न्हावऱ्यापासून मांडवगणापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होती. अडचण एवढीच होती की ते उंदीर कुणी पाहिले नव्हते.

गोष्ट मागच्या वर्षीची. मामाच्या भाचीनं, म्हणजे मोनालीनं, त्याच्या कांद्याच्या वखारीत पाच यंत्रं पुरली होती. साबणाच्या वडीएवढी एकेक डबी. आत बॅटरी आणि एक चिप. ढिगाच्या पोटात किती उष्णता आहे, किती ओल आहे, हे दर पंधरा मिनिटांनी मोजायचं आणि मामाच्या मोबाईलवर कळवायचं, एवढंच त्या डबीचं काम. काम लहान, पण मोलाचं. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला कांदा एकदा वखारीत भरला की गणपतीपर्यंत आत काय शिजतंय ते बाहेरच्याला कळत नाही. कळतं तेव्हा खालून पाणी गळत असतं, वर चिलटं घोंगावत असतात आणि वेळ गेलेली असते. यंत्रानं आधी सांगितलं तर तेवढाच कोपरा फोडून सडका माल काढता येतो.

मोनाली दौंडची. नोकरी सणसवाडीच्या एका कारखान्यात, सर्किटं तपासायची. रोज दौंडहून येणं-जाणं झेपत नाही म्हणून तिथंच एक खोली घेतलेली. ही यंत्रं तिनं त्या खोलीत, कामावरून आल्यावर स्वतः घडवली होती. मामानं काही न विचारता वखार तिच्या हवाली केली. “तू केलंय ना? मग पुर,” एवढंच तो म्हणाला.

आणि आषाढात पाचही यंत्रांच्या बॅटऱ्या संपल्या. त्यातून मोनालीनं आणखी एक शहाणपणा करून ठेवला होता. यंत्र मेलं तरी मोबाईलवर शेवटचा आकडा आणि त्याच्यापुढचा हिरवा ठिपका तसाच राहायचा. मामा रोज सकाळी हिरवा ठिपका बघायचा आणि निर्धास्त व्हायचा. एरवी तो दिवसाआड वखारीपाशी जाऊन नाक लावायचा, ते त्यानं सोडून दिलं होतं. वास आला तोवर निम्म्या वखारीचं पाणी झालं होतं.

मामा तिला एका शब्दानं बोलला नाही. मामी बोलली. अनितामामीच्या जिभेला हाड नाही, पण मनात काही राहतही नाही. “कांद्याच्या आधी तुझं मशीनच सडलं, मोने,” असं म्हणून तिनं तिला पोटभर जेवायला वाढलं.

उंदरांचं मोनालीला कळलं ते माघातल्या एका लग्नात. मामाच्या बांधाचे शेजारी शंकरराव पंगतीत तिच्या समोरच बसले होते. बुंदी मागून घेता घेता म्हणाले, “काय मोनाताई, यंदा उंदरांचा काय बंदोबस्त?”

“कसले उंदीर?”

“आता गं! तुझ्या मशीनीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या न्हाईत का? मामाच सांगत हुता तुझा. मशीन झ्याक हुतं म्हणला, पर उंदरांनी घात केला.”

पंगत हसली. मोनालीही हसली, पण हातातला घास तिनं पानात ठेवला. तिच्या यंत्राला वायर नव्हतीच. बिनतारी होतं ते. आणि संपतमामा म्हणजे मार्केट यार्डात स्वतःच्याच पिशवीतला दुभाळका, म्हणजे कमी भावाचा जोडकांदा वर काढून गिऱ्हाइकाला दाखवणारा माणूस. त्याच्यावरून मामी त्याला आजवर टाकून बोलते. त्या माणसानं गावभर खोटं सांगितलं होतं, आणि तेही भाचीची अब्रू झाकायला. तिला इतकी लाज वाटली की ती मठ्ठा न पिताच उठली.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच होतं. यंदा यंत्रं गणपतीपर्यंत जगली पाहिजेत. तरच मामाचं ते खोटं फिटणार होतं.

दोष सापडला तो होळीच्या सुट्टीत. चिपबरोबर सहाशे पानांचं एक पुस्तक येतं. लग्नातले आहेर जसे कुणी सगळे उघडून बघत नाही, तसं ते पुस्तकही कुणी सगळं वाचत नाही. मोनाली या खेपेला पहिल्या पानापासून बसली.

भानगड अशी होती. बॅटरी साडेतीन व्होल्टची आणि चिपच्या पोटाला लागतो जेमतेम सव्वा व्होल्ट. वरचे व्होल्ट कमी करायला चिपमध्येच दोन वाटा केलेल्या असतात. पहिली वाट सोपी. जास्तीचं जे आहे ते उष्णता करून जाळून टाकायचं. दुसऱ्या वाटेवर एक कन्व्हर्टर बसलेला असतो. तो बॅटरी सेकंदाला लाखो वेळा जोडतो आणि तोडतो. घोट घोट वीज घेतो, बाहेर बसवलेल्या एका बारीक कॉइलमध्ये साठवतो आणि चिपला हवी तेवढीच देतो. जळून जातं ते नावापुरतं. बॅटरी दुपटीनं चालावी म्हणून तर मोनालीनं ही चिप घेतली होती आणि प्रत्येक यंत्रात कॉइल बसवली होती.

चारशे बाराव्या पानावर लिहिलं होतं की चिप चालू होते ती नेहमी सोप्या वाटेनंच. कन्व्हर्टर वापरायचा असेल तर तसं प्रोग्राममधून सांगावं लागतं.

मोनालीनं सांगितलंच नव्हतं. कॉइल बसवली म्हणजे कन्व्हर्टर आपला आपण चालणार, असं धरून चालली होती ती. म्हणजे शेतभर ठिबक अंथरलं, नळ्या जोडल्या, कॉक तेवढा उघडला नाही, आणि वर पाटानं पाणी सोडून विहीर उपसून टाकली. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि एकटीच हसत सुटली. शेजारच्या खोलीतल्या बिहारच्या वहिनी दारात येऊन विचारून गेल्या, “सब ठीक है ना, दीदी?”

तिनं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. यंत्र जागं असताना अकरा मिलिअँपिअर वीज ओढायचं, ते सहावर आलं. मोबाईलवरचा ठिपकाही तिनं सुधारला. यंत्र दोन तास गप्प राहिलं की तो आता लाल होणार होता. आनंदानं तिनं त्या दिवशी खालच्या हॉटेलातून भेळ मागवली.

भेळ पचायच्या आत दुसरं विघ्न उभं राहिलं. यंत्रं आता मध्येच अडखळायला लागली. जागं झालं, बातमी पाठवायला रेडिओ चालू केला, की एकदम विझायचं आणि पहिल्यापासून सुरू व्हायचं. दर वेळी नव्यानं सुरू होताना आणि नेटवर्क शोधताना इतकी वीज जायची की वाचवलेलं सगळं त्यात वाहून जात होतं. किती वेळा असं झालं ते मोजायला तिनं एक आकडा ठेवला होता. तो रोज चढत होता. तिनं बॅटऱ्या बदलल्या, कॉइली बदलल्या, सोल्डरचे डाग पुन्हा दिले. आकडा चढतच राहिला.

आखितीला चार दिवस उरले तेव्हा तिनं रजा टाकली आणि पाचही यंत्रं, मीटर, लॅपटॉप पिशवीत भरून मामाचा मळा गाठला. घरामागं पात काटलेला कांदा पडला होता, वखार झाडून ठेवली होती. कुठल्या कोपऱ्यात कोणतं यंत्र पुरायचं, तिथं मामानं आधीच खडूनं खुणा करून ठेवल्या होत्या.

“झालं का तयार?” मामानं विचारलं.

“होतंय, मामा.”

“हुतंय तर हुतंय. चार दिस हायीत की.”

“न्हाई झालं तर यंदा नको गं बाई,” मामी आतून म्हणाली. “मागल्या साली मशीनीच्या भरवशावर वास घ्यायचं सोडलं ह्यांनी. यंदा म्या माझं नाक लावणार हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनाली ओट्यावर यंत्रं मांडून बसली होती. मामा चहाची बशी घेऊन शेजारी टेकला होता. त्या आठवड्यात शेतीची लाईट साडेआठला यायची. साडेआठ झाले आणि शिवार एकदम घुमलं. इथं सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. ऑटो म्हणजे एक डबी. लाईट आली की माणूस जवळ नसला तरी ती मोटार चालू करते. त्यामुळे लाईट आल्या आल्या दहा-बारा मोटारी एकाच क्षणी उठल्या. ओट्यावरचा बल्ब चिमणीसारखा पिवळा पडला. शंकररावांच्या विहिरीवरून घर्र घर्र असा आवाज आला आणि खट करून थांबला. पाठोपाठ धोतराचा सोगा धरून शंकरराव बांधावरून विहिरीकडं पळताना दिसले.

“रोजचं हाय हे,” मामा बशीत फुंकर घालत म्हणाला. “पयलं पाणी माझं, म्हणत्यात. ऑटो शून्यावर टाकून ठिवलाय. लाईट आली की लगीच मोटार उचलाया जाती, व्होल्टेज पडतंय, मोटार बसती. मग हे पळत्यात. परत चालू, परत बंद.”

“आणि तुमची मोटार?”

“माझा ऑटो सहा मिनटांवर हाय. लाईट आली म्हंजी लगीच तिच्यात दम आला आसं नसतंय, पोरी. जरा वाट बघायची. व्होल्टेज भरलं, ठरलं, की मग लोड टाकायचा.”

“तोवर काय करायचं?”

“तवर च्या प्यायचा.”

मामानं चहा संपवला, बशी उपडी ठेवली. बल्ब हळूहळू पांढरा झाला. आणि थोड्या वेळानं मामाच्या विहिरीवर मोटारीनं एका दमात पाणी उचललं. पाटात खळखळ ऐकू आली.

मोनाली हातातला कप तसाच धरून बसली होती. तिच्या यंत्राचा आजार तिच्या डोळ्यांसमोर धोतराचा सोगा धरून पळत होता. तिचा प्रोग्राम काय करत होता? जागा झाला, कन्व्हर्टर चालू केला आणि त्याच श्वासात रेडिओचा लोड टाकला. कॉइल अजून भरली नाही, व्होल्ट अजून ठरले नाहीत, तोवर हा पहिलं पाणी माझं म्हणून धावला. व्होल्ट पडले आणि चिप बसली. तिनं घडवलेलं यंत्र म्हणजे हुबेहूब शंकरराव होतं.

तिनं घाईघाईनं पुस्तक उघडलं. पुढच्याच पानावर होतं. कन्व्हर्टर स्थिर झाला की तो स्वतः एक खूण वर करतो. ती खूण दिसेपर्यंत मोठा भार टाकू नये. कन्व्हर्टर चालू झाल्याच्या आनंदात तिनं पान उलटलंच नव्हतं.

दुपारपर्यंत तिनं प्रोग्राम बदलला. आधी कन्व्हर्टर चालू, मग खूण येईपर्यंत थांबायचं, मग रेडिओ. पाचही यंत्रं लावली आणि आकड्यांवर डोळे लावून बसली. एक तास गेला, दोन गेले. एकही आकडा हलला नाही.

“मामा, सापडलं!” ती ओरडली. “तुमच्या ऑटोसारखं केलं. लोड टाकायच्या आधी थांबायला लावलं.”

“किती येळ?”

“सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यातले दोन-तीन.”

मामानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. “यवढाच दम? आन् त्यवढा बी धरवत न्हवता व्हय तुझ्या मशीनीला?”

मामी हसता हसता पदर तोंडाला लावत होती. मोनालीला पाणी प्यायचं होतं. टाकीचा नळ कोरडा दिसला म्हणून तिनं भिंतीवरच्या घरच्या मोटारीच्या बटणाकडं हात नेला.

“आगं ए, तांब्याभर पाण्याला मोटार लावती व्हय?” मामी खेकसली. “रांजण भरलाय न्हवं? त्यातनं घे की.”

मोनालीनं रांजणातून तांब्या भरला. अर्धा प्यायली आणि थांबली. एक बारकी गोष्ट तिला दोन आठवडे टोचत होती. यंत्र जागं असताना वीज निम्मी झाली होती, पण झोपेतली थोडी वाढली होती. आणि यंत्र पंधरा मिनिटांतले दोन-तीन सेकंदच जागं असतं, बाकी सगळी झोप. झोपेत चिपला लागते तांब्याभर वीज. तेवढ्यासाठी कन्व्हर्टर चालू ठेवला तर तो स्वतःच त्याहून जास्त खातो. तिथं सोपी वाटच बरी.

“मामी,” ती म्हणाली, “तुम्ही इंजिनिअर आहात.”

“म्या न्हाई बया. म्या शानी हाय.”

संध्याकाळच्या आत तिनं तेही करून टाकलं. झोपताना कन्व्हर्टर बंद, जागं झाल्यावर चालू, खुणेची वाट, मग काम. मीटरवरचा झोपेतला आकडा इतका खाली गेला की तिनं तारा नीट लागल्यात का ते दोनदा तपासलं. आखितीला मामानं खडूच्या खुणांवर यंत्रं ठेवली आणि बायकांनी वर पाट्यांमागून पाट्या कांदा ओतला. शेवटची डबी कांद्यांखाली दिसेनाशी झाली तेव्हा मोनालीनं मनातल्या मनात खंडोबाला नारळ बोलला. आता काही चुकलं असलं तरी गणपतीपर्यंत हात लावता येणार नव्हता.

ज्येष्ठ गेला. आषाढ लागला तेव्हा मोनाली कारखान्यात दर तासाला मोबाईल काढून बघायची, सुपरवायझरची बोलणी खायची. पाचही ठिपके हिरवे होते. मागच्या वर्षी ज्या तिथीला यंत्रं मेली ती तिथी आली आणि गेली. तिनं खालच्या हॉटेलातून पुन्हा भेळ मागवली.

श्रावणात एका दुपारी तिसऱ्या नंबरचं यंत्र बोललं. पूर्वेच्या कोपऱ्यात उष्णता आणि ओल दोन्ही चढत होत्या. तिनं मामाला फोन केला. “मामा, पूर्वेचा कोपरा. वास येतो का बघा.”

“वास न्हाई,” मामा जाऊन येऊन म्हणाला. मग फोनवर मामीचा आवाज आला, “मला बी न्हाई येत. पर मशीन म्हणतंय तर फोडा.”

कोपरा फोडला. आत हात घातला तर कांदे कोमट लागले आणि दहा-बारा पाट्या माल नुकता मऊ पडायला लागला होता. वर पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, त्यातून थेंब थेंब पाणी उतरत होतं. मामानं तेवढा माल काढला, भोक बुजवलं. चार दिवसांत तिसऱ्या नंबरचा आकडा बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसला.

गौरी-गणपती झाले आणि मामानं वखार फोडली. मोनाली रजा काढून आली होती. कांदा निघत होता तो कोरडा, खणखणीत, लालबुंद सालीचा. हातात घेतला की खुळखुळ्यासारखा वाजत होता. बायका बरा-वाईट कांदा निसायला बसल्या होत्या. त्यांना मामी सांगत होती, “मशीन आधी झोपंतच लई खात हुतं. म्या सांगितलं तवापासून नीट झोपतंय.” एकेक करून पाचही डब्या बाहेर आल्या, कांद्याची सालं चिकटलेल्या, धुळीनं माखलेल्या. मोनालीनं लॅपटॉप जोडला. बॅटऱ्या निम्म्याहून जास्त भरलेल्या. आणि अडखळल्याचा आकडा पाचही ठिकाणी शून्य. तिचे डोळे भरून आले. ते कांद्यामुळे, असं तिनं मामीला सांगितलं.

तेवढ्यात बांध ओलांडून शंकरराव आले. एक कांदा उचलला, दाबून पाहिला, हुंगला. मग बायकांकडं बघत मोठ्यानं म्हणाले, “काय संपतराव, यंदा उंदीर दिसत न्हाईत वखारीत!”

मामा मान खाली घालून कांदा निसत होता. त्याचे कान लाल झालेले मोनालीनं पाहिले. आता गप्प बसणं तिला शक्य नव्हतं.

“काका, मागच्या वर्षीही उंदीर नव्हते,” ती उभी राहून म्हणाली. “माझी चूक होती. कॉइल बसवली आणि चालू करायचं विसरले. निम्मा कांदा माझ्यामुळे गेला. मामांनी मला झाकायला तुम्हाला खोटं सांगितलं.”

बायकांचे हात थांबले. शंकररावांनी हातातला कांदा अलगद ढिगावर ठेवला.

“म्हाईत हाय मला,” ते म्हणाले. “ह्यानं उंदरांचं सांगितलं त्याच दिशी म्या डबी हातात घिऊन बघितली हुती. तिला वायरच न्हाई, तर उंदीर काय कुरतडतोय?”

“मग वर्षभर सगळीकडं तेच का सांगत फिरलात?”

“पोरी, पन्नास वर्सं बांधाला बांध हाय आमचा. ह्या माणसानं कवा खोटं बोललेलं म्या ऐकलं न्हाई. जन्मात एकदा बोलला, त्ये बी भाचीसाठी. म्हणलं, एकट्याचं खोटं कुठवर टिकंल? दोघांनी सांगितलं तर गाव खरं मानंल.”

मोनाली मामाच्या शेजारी कांदा निसायला बसली. मामीनं पदरानं डोळे टिपले आणि तिनंही कांद्याचंच नाव सांगितलं.

“बरं, मला बी दे पुढल्या साली पाच डब्या,” शंकरराव म्हणाले.

“देते. पण आधी तुमचा ऑटो सहा मिनिटांवर टाका.”

सगळ्या बायका हसल्या, शंकररावही हसले. फक्त मामा हसला नाही. त्यानं एक कांदा उचलला, उलटसुलट फिरवला, चांगल्याच्या ढिगावर टाकला.

“हुते उंदीर,” तो मान वर न करता म्हणाला, आणि पुढचा कांदा घेतला.